व्हेपबद्दल विचारतोय म्हणून मोबाईल काढून घेऊ नका

ताई, गणपतीत पुण्याचा मावसभाऊ येऊन गेल्यापासून तुमचा नववीतला मुलगा व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगरेटबद्दल, सारखं विचारतोय, धुराच्या रिंगांचे रील्स बघतोय, मोबाईल काढून घेऊ का असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. आधी निपाणीत आणि आता बेळगावात बरीच वर्षं पोरांच्या ट्युशन घेतोय त्यावरनं सांगतो, हे खूळ रील्सनं सुरू होत नाही, रील्स ते नुसतं वाढवतात. सुरुवात बहुतेक वेळा ओळखीतल्याच दोनतीन वर्षांनी मोठ्या पोराकडनं होते. बाहेर शिकणारा दादा सुट्टीत येतो, गच्चीवर नेऊन खिशातनं पेन ड्राइव्हसारखं काहीतरी काढतो, "घरी सांगू नको हं" म्हणतो, आणि तेवढ्यानं आपलं पोरगं मोठ्यांच्यात जमा होतं. त्याला वाफेपेक्षा त्या दादाच्या बरोबरीनं बसायची हौस असते. मोबाईल घेतला तर ती हौस काही जाणार नाही, फक्त तुम्हाला विचारायचं बंद होईल आणि मग उत्तरं दादाच देणार.

दुसरं म्हणजे निपाणीकडच्या पोरांना तंबाखू काय ते सांगायला लागत नाही, तंबाखूच्या वखारीजवळनं गेलं तरी खाटानं ठसका लागतो, डोळ्यातनं पाणी येतं. विडी म्हातारी माणसं ओढतात आणि गुटख्यानं दात लाल होतात हे त्यांनी बघितलेलं असतं. व्हेपला यातलं काहीच नाही, मँगोचा नाहीतर मिंटचा वास, तोही शर्टाला राहत नाही. तंबाखूची शेती असलेल्या घरातलं एक पोरगं मला म्हणालं, "सर, ती नुसती पाण्याची वाफ असते की." अहो पाण्याची कुठली! प्रॉपिलिन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि ग्लिसरीन तापवून त्याची वाफ करतात, त्यात फ्लेवर आणि निकोटिन, आणि ते निकोटिन बहुतेक करून तंबाखूच्या पानातनंच काढलेलं. आतल्या तापलेल्या तारेच्या कॉइलमधनं निकेल, क्रोमियमसारखे धातूही थोडेफार छातीत जातात. फ्लेवर खायला चालतो म्हणून फुप्फुसाला चालतो असं नसतं. त्यात निकोटिन सॉल्टवालं, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटिन असलं की घशाला खरखर कमी लागते, म्हणजे पहिल्या सिगरेटला ठसका लागून जे पोरगं मागं फिरलं असतं ते इथं फिरतच नाही. मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात निकोटिनची सवय लवकर लागते आणि सुटायला जड जाते. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते.

कर्नाटकात 2016 पासून आणि देशभर 2019 पासून ई-सिगरेट विकायला बंदी आहे, विकणाऱ्याला पहिल्याच वेळी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे, हे पोराला जरूर सांगा, पण नुसत्या बंदीच्या भीतीनं या वयातलं पोर थांबत नाही.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. घरात कोणी तंबाखू मळत असेल, मिश्री लावत असेल तर पोरगं मनात हिशेब घालतंच की यांचं चालतं मग माझं का नाही. 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी ई-सिगरेट कधीतरी ओढून बघितलेली 2.8 टक्के निघाली आणि त्यावेळी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारी 8.5 टक्के. म्हणजे व्हेपला घाबरताना कोपऱ्यावरच्या अंगडीतल्या, म्हणजे दुकानातल्या, तंबाखूच्या पुडीकडं दुर्लक्ष नको.

आज रात्री जेवताना त्याला सहज विचारा, दादानं काय काय सांगितलं रे, आणि मधे न तोडता सगळं बोलू द्या. चुकीचं असेल ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा, लगेच नको. ओढून बघितलं म्हणाला तरी आवाज चढवू नका, पुढचं ऐकायला मिळणार नाही. आणि बहिणीला फोन करून भांडण काढण्याआधी त्या पुण्याच्या पोराशी मावशी म्हणून तुम्हीच बोला, तोही पोरच आहे, त्यालाच सवय लागली असेल तर 1800-11-2356 ही सरकारची तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो, नंबर दोघांनाही देऊन ठेवा.