जेवणाच्या भिशीत महिन्याला १,६५० रुपये भरावेत का?

प्रश्न असा आहे. वाचक भगिनी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात, एका पतसंस्थेत नोकरीला आहेत, हातात पगार २४,५०० रुपये येतो. कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप महिन्यातून दोनदा, शनिवारी, बाहेर जेवायला जातो. बिलाचे सरळ सहा भाग होतात. त्यावर सगळ्या बिलाच्या दहा टक्के टीप ठेवायची, असा ग्रुपचा नेम आहे. बाई शाकाहारी आहेत आणि दारू घेत नाहीत. आता ग्रुपने ठरवलंय की दर महिन्याला प्रत्येकाने १,६५० रुपये एकत्र जमा करायचे आणि त्यातूनच दोन्ही जेवणं भागवायची. पतसंस्थेत काम करतात म्हणून पैसे सांभाळायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली आहे. त्या विचारतात: भिशीत सामील होऊ का? आणि दहा टक्के टीप जास्त होत नाही का?

ताई, या स्वरूपात भिशीत पडू नका, हे आधी सांगतो. ग्रुप मात्र सोडू नका. आणि टिपेचे दहा टक्के कमी करायच्या मागेही लागू नका, कारण तुमचे जास्तीचे पैसे टिपेत फारसे जातच नाहीयेत.

तुम्ही पाठवलेलं मागच्या जेवणाचं बिल समोर घेतलं. मटण थाळ्या चार, प्रत्येकी ४२० प्रमाणे १,६८०. शाकाहारी थाळ्या दोन, २४० प्रमाणे ४८०. सहा सोलकढ्यांचे २४०. वरून मटण लोणच्याची एक मोठी प्लेट ४०० ची, ती चौघांनी खाल्ली. जेवण झालं २,८०० चं, त्यावर पाच टक्के जीएसटी १४०, म्हणजे २,९४०. दारूचं बिल व्हॅटसकट १,५००, पिणारे तिघं. सगळं मिळून ४,४४०. त्यावर दहा टक्क्यांनी ४४४ टीप. एकूण ४,८८४ भागिले सहा, म्हणजे डोईवर ८१४.

आता तुमचं ताट तेवढं बाजूला काढू. थाळी २४०, सोलकढी ४०, जीएसटी १४. झाले २९४. टीप मी ३०० धरतो (का, ते पुढे सांगतो) आणि ती सहा जणांत सारखी वाटतो, तुमच्या वाट्याला ५० येतात. म्हणजे ३४४. तुम्ही दिले ८१४. एका जेवणाला ४७० रुपये जास्त गेले. त्यात टिपेतला फरक फक्त २४ रुपयांचा आहे. उरलेले ४४६ रुपये दुसऱ्यांच्या मटणाचे आणि दारूचे आहेत.

टीप बिलाच्या शेवटी वेगळी दिसते म्हणून ती डोळ्यांत खुपते. खरं भोक भागाकारात आहे.

टिपेबद्दल माझं मत ठाम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कोल्हापुरी थाळीला वाढप्याचं काम इतर जेवणापेक्षा जास्त असतं. तांबडा संपला की तांबडा, पांढरा संपला की पांढरा, भाकरी गरम पाहिजे, कांदा-लिंबू पुन्हा. सहा जणांचं टेबल दोन तास चाललं तर तो माणूस तुमच्याकडे किती फेऱ्या मारतो ते पुढच्या वेळी बघा. जेवणाच्या टॅक्सआधीच्या रकमेवर दहा टक्के, म्हणजे तुमच्या बिलात २८०, ते पूर्णांक करून ३००. माझ्या मते ही रक्कम योग्य आहे. टॅक्सवर टीप द्यायचं कारण नाही, पण जेवणाच्या टॅक्सवरची टीप तुमच्या बिलात होते १४ रुपये, सहा जणांत. त्यासाठी तोंड उघडू नका. आणि ती सारखीच वाटा. शाकाहारी ताटालाही त्याने तेवढंच वाढलंय. पिणाऱ्यांमुळे टेबल तासभर जास्त अडलं असेल तर त्यांनी आपणहून पन्नास-शंभर वर टाकावेत, पण तो त्यांच्या मनाचा प्रश्न.

टीप शक्यतो रोख आणि वाढप्याच्या हातात द्या. काउंटरच्या क्यूआरवर बिलात मिळवून दिलेली टीप मालकाच्या खात्यात जाते, ती पुढे पोरांपर्यंत पोचते की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. काही ठिकाणी सगळ्यांची टीप एकत्र करून टेबल पुसणाऱ्या पोरालाही वाटा देतात. तसं असेल तर त्यांच्या डब्यात टाका.

तुम्ही लिहिलंय की एका हॉटेलने बिलात पाच टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि तुम्ही वर टीपही दिली. हे दोनदा देणं झालं. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने तो बिलात आपोआप लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा "हा काढून द्या" असं शांतपणे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सर्व्हिस चार्ज बिलात राहिला तर त्यावर जीएसटीही लागतो, हाताने दिलेल्या टिपेवर लागत नाही.

जीएसटीचंही एकदा बघून घ्या. साध्या हॉटेलात जेवणावर पाच टक्के, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणाऱ्या छोट्या खानावळीला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. बिलावर जीएसटी नंबरच नसेल आणि तरी टॅक्सची ओळ असेल तर विचारा. पिण्याच्या दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे बरीच हॉटेलं तिचं बिल मुळातच वेगळं करतात. हे तुमच्या फार कामाचं आहे, त्याकडे येतो.

आता भिशी. सहा जणांचे ९,९०० जमतील, दोन जेवणांना ९,७६८ लागतील, म्हणजे ग्रुपने रक्कम बरोबर काढली आहे. पण तुमचा न्याय्य खर्च महिन्याला ६८८ आहे. उरलेले ९६२ दर महिन्याला तुम्ही दुसऱ्यांच्या ताटात वाढणार, वर्षाला ११,५४४. घरी १०,००० देता, स्कूटीचा हप्ता २,९०० जातो. मागे ११,६०० राहतात. त्यातला जवळजवळ सातवा हिस्सा दोन संध्याकाळींसाठी पगार झाल्याझाल्या बांधून टाकायचा, आणि तुमची स्वतःची बचत मात्र शून्य, हे मला अजिबात पटत नाही.

शिवाय एकत्र पैशाचा एक स्वभाव असतो. रक्कम आधीच भरलेली असली की "अजून एक प्लेट सांग की, पैसे आहेतच" असं होतं. आखाडात तर बघायलाच नको. तेव्हा १,६५० चे दोन हजार व्हायला वेळ लागणार नाही, आणि श्रावणात सगळेच शाकाहारी झाले म्हणून वर्गणी खाली येईल असंही नाही. एखादा जेवायला आला नाही तर त्याचे पैसे परत द्यायचे का, हेही कुणी ठरवलेलं नाही. तो वाद पैसे सांभाळणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या अंगावर येणार. आणि दर महिन्याला ९,९०० तुमच्या पगाराच्या खात्यात येऊन मिसळणार. पतसंस्थेत बसून दुसऱ्यांना खाती वेगळी ठेवायला सांगता, मग इथेही तेच.

त्याऐवजी ग्रुपपुढे असं मांडा. भिशी करूया, पण महिन्याला २०० ची. त्यातून फक्त सगळ्यांचं सामायिक: दोन जेवणांची टीप ६०० आणि सोलकढ्या जीएसटीसकट ५०४. १,२०० पैकी ९६ उरतात, ते वाढदिवसाच्या केकला. एवढी रक्कम रोख, पाकिटात राहू दे, खात्याचा प्रश्नच नको. बाकी आपापल्या थाळीचे पैसे आपण द्यायचे, मटण लोणचं खाणाऱ्यांत वाटायचं आणि दारूचं बिल बसल्याबसल्याच वेगळं सांगायचं. हॉटेलला त्यात काही अडचण नसते. हिशेबही अवघड नाही: थाळीची किंमत गुणिले १.०५, की झालं. तुमच्या बिलावर हा हिशेब लावला तर तुम्हाला आणि तुमच्या शाकाहारी मैत्रिणीला ३४४, मटण खाऊन न पिणाऱ्याला ६३८ आणि पिणाऱ्या तिघांना प्रत्येकी १,१३८ येतात. बेरीज ४,७४०, बिल आणि टीप पूर्ण भागते.

दरवेळी असं मोजत बसा, असं मात्र माझं म्हणणं नाही. सकाळी मिसळ खाल्ली, रंकाळ्यावर भेळ खाल्ली, तर सरळ भागाकार करा. माणशी फरक पन्नासच्या आत असेल तिथे मोजणं खरंच चिंधीपणा आहे. ४७० चा फरक असेल तिथे न मोजणं हा स्वतःवरचा अन्याय आहे. कुणाचा वाढदिवस असेल आणि तो म्हणत असेल "आज माझ्याकडून", तर गल्ल्यावर ओढाताण न करता त्याला देऊ द्या.

बोलायचं कधी, यावर बरंच अवलंबून आहे. बिल टेबलावर आल्यावर कधीच नाही, तिथे कुणालाही ते चिकटपणाचं वाटेल. आधी त्या शाकाहारी मैत्रिणीशी बोला, तिचंही नुकसान तेवढंच आहे आणि तीही बहुतेक संकोचानेच गप्प असेल. मग शनिवारच्या आधी दोघींनी मिळून ग्रुपवर हे बिल टाका आणि एवढंच लिहा: "माझं जेवण २९४ चं होतं, मी ८१४ दिले. इथून पुढे आपापलं ताट आपण देऊ, टीप सगळ्यांची." तुमच्या पत्रावरून ही माणसं वाईट वाटत नाहीत. पिणाऱ्याला आपल्या ग्लासाचे पैसे शेजारची देतेय हे बहुतेक वेळा खरंच लक्षात आलेलं नसतं.

त्यांना एकत्र रक्कमच हवी असेल तर वर्गणी सारखी नको: तुम्ही दोघी ७००, न पिणारा १,३००, पिणारे तिघं २,३००. एकूण ९,६०० होतात आणि दोन्ही जेवणं त्यात बसतात. हेही नको म्हणाले तर भिशीत नाव घालू नका. जेवायला जा, आणि उठताना आपले ३४४ गल्ल्यावर आणि वाढप्याच्या हातात मिळून देऊन टाका.

वाचलेल्या पैशांचं लगेच काहीतरी करा, नाहीतर ते दुसरीकडे विरघळतील. पोस्टाच्या आरडीला सध्या ६.७ टक्के व्याज आहे. महिन्याला ९५० प्रमाणे पाच वर्षं भरलेत तर ५७,००० भरून सुमारे ६७,८०० हातात येतात. खातं पगाराच्याच आठवड्यात उघडा, म्हणजे हप्ता पुढच्या शनिवारच्या आधी गेलेला असेल.