सुकेबान की ओन्ना बान्चो?

विचारणा अशी आहे: १९७०च्या आसपास जपानमध्ये मुलींच्या टोळ्यांवर चित्रपट निघाले. त्यांच्याबद्दल वाचताना कुठे 'ओन्ना बान्चो' दिसते, कुठे 'सुकेबान'. हे दोन शब्द वेगळे का? आणि 'नोरानेको रॉक' या चित्रपटमालिकेच्या नावातला रॉक म्हणजे संगीतच ना?

कागदावर दोन्ही एकच आहेत. जपानी लिखाणातली तीच तीन चिन्हे: पहिले बाईचे, पुढची दोन मिळून 'बान्चो', म्हणजे शाळेतल्या उनाड पोरांचा दादा. सरळ वाचले तर ओन्ना बान्चो. पण टपोरी बोलीत बाईला 'सुके' म्हणत. त्याला बान्चोतला 'बान' चिकटला आणि सुकेबान झाले. तोएई कंपनीने १९७१मध्ये सुरू केलेल्या मालिकेच्या नावात हीच तीन चिन्हे आहेत, उच्चार मात्र सुकेबान. जपानी छपाईत चिन्हाशेजारी बारीक अक्षरांत उच्चार देता येतो, त्यामुळे डोळ्यांना एक शब्द आणि कानाला दुसरा असे सहज घडते. ही सोय आपल्याकडे नाही याचा मला खरोखर हेवा वाटतो. बोलताना 'सु'चा उकार जवळजवळ गिळतात, म्हणून ऐकू येते 'स्केबान'.

मूळ अर्थ टोळीची म्होरकी. पुढे तो सैल झाला आणि गणवेशाचा घोळदार स्कर्ट पार घोट्यापर्यंत लांबवून फिरणारी टोळीतली कुठलीही मुलगी सुकेबान ठरली. त्यामुळे मराठीत आणताना आधी संदर्भ पाहावा. 'दादा' बान्चोला चपखल बसतो, पण त्याचे स्त्रीरूप आपण घडवलेच नाही. 'ताई'त तो दरारा येत नाही. 'नायकीण' तर मुळीच नको, तो शब्द कलावंतिणीकडे गेलेला आहे. मी 'म्होरकी'च लिहीन.

आता रॉक. निक्कात्सु कंपनीच्या या मालिकेत मे १९७० ते जानेवारी १९७१ एवढ्यात पाच चित्रपट आले. पहिल्यात मोटारसायकलवरून येणारी नायिका म्हणजे गायिका अकिको वादा. पुढे मालिका अभिनेत्री मेइको काजीची झाली. त्यातल्या 'सेक्स हंटर'मध्ये रुंद काठाची काळी टोपी घातलेली काजी म्होरकी आहे आणि 'गोल्डन हाफ' हा मुलींचा गट पडद्यावर गातो. 'हाफ' म्हणजे जपानीत मिश्र वंशाची व्यक्ती, आणि कथेतले वैरही अशाच मुलांशी धरलेले. तेव्हा संगीत तर आहेच. पण नावातला रॉक त्याहून जास्त काम करतो, तो चित्रपटाची जात सांगतो. तोएईच्या पहिल्या सुकेबानपटाच्या नावात तसाच 'ब्लूज' आहे.

नोरानेको म्हणजे भटके मांजर. भाषांतरात 'भटकी मांजर रॉक' असेच ठेवावे. रॉकला मराठी प्रतिशब्द शोधू नये; जपानीतही तो बाहेरून आलेला, 'रोक्कु' म्हणून रुळलेला शब्द आहे.