पॅटर्नमेकरला बोटीवर काय काम?

प्रश्न : चिंचवडच्या एका फाउंड्रीत मी 34 वर्षं पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा, होतो. गेल्या वर्षी मुलीकडे न्यू ऑर्लिन्सला गेलो तेव्हा तिथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या म्युझियमची पीटी-305 ही लाकडी लढाऊ बोट पाहिली. मोडकळीला आलेली ती बोट दोनशेवर स्वयंसेवकांनी पुन्हा उभी केली म्हणे. या डिसेंबरात परत सहा महिने जातोय. अशा कामात मला कोणी घेईल का? मी लष्करात नव्हतो, इंग्रजीही कामापुरतंच. आणि मधल्या काळात ती बोट 13 फूट कापली होती, ती कशासाठी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी कापाकापीचं सांगतो. युद्ध संपलं, बोट विकली गेली. 65 फुटांपर्यंतच्या बोटीला तिथल्या कोस्ट गार्डचे नियम सैल, ही 78 फुटांची. मालकानं मागचा भाग कापूनच टाकला! पुढं ती कालवं गोळा करायला वापरत. 2007 मध्ये न्यू ऑर्लिन्सला, म्हणजे जिथं बांधली त्याच गावात, ती परत आली. तिचं अंग महोगनीच्या फळ्यांच्या दोन तिरक्या थरांचं, मधे सरसात भिजवलेलं कापड. मागचे 13 फूट नव्यानं जोडायचे तर आधीची वक्र रेषा अचूक धरावी लागते. तुम्हाला ही मेख वेगळी समजवायला नको.

आता तुमचं. माझा लाकडाशी संबंध पाटापुरता, मी हवाई दलातला इंजिन फिटर. 1967 साली लोहगावला 6 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये लिबरेटर ही महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं होती, समुद्रावर टेहळणीला जायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी ती कानपूरला भंगारात टाकलेली, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम खराब करून. बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्यातल्या लोकांनी त्यातली 40 च्या वर विमानं उडण्याजोगी केली आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शींनी ती बंगळूरला नेली. तेव्हा असली कामं परदेशातच होतात असं समजू नका. आपण पोटासाठी केली, ते हौसेनं करतात, एवढाच फरक.

लिबरेटरच्या इंजिनाला गोल मांडलेले 14 सिलिंडर. रात्रभर विमान उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं आणि ते दाबलं जात नाही, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवून बघायचा. एका सकाळी पंखा अडकला आणि मी नवशिक्यानं त्याला खांदा लावला. फ्लाइट सार्जंट अख्ख्या हँगरला ऐकू जाईल असे ओरडले, ‘कनेक्टिंग रॉड वाकवतोस का?’ मग खालचा स्पार्क प्लग काढायला लावला. कपभर काळं तेल थेट माझ्या बाहीत. ती बाही धुऊन कधीच साफ झाली नाही, आईनं शेवटी शर्टाचं फडकं केलं.

1968 अखेर ती विमानं निवृत्त झाली. मग परदेशी म्युझियमची मागणी सुरू! एक कॅनडाला गेलं, एक 1969 मध्ये अमेरिकेत टूसॉनला, एक 1974 मध्ये ब्रिटनला. आणखी एक 1981 पर्यंत इथंच पडून होतं, तेच अमेरिकेत दुरुस्त होऊन 1989 मध्ये पुन्हा उडालं. तिथं तो पंखा आता कुणीतरी हातानं फिरवतच असणार, आणि त्याला ओरडणारा एखादा म्हाताराही असेल.

म्हणून लष्कराची चिंता सोडा. जुन्या यंत्राचा सुटा भाग बाजारात मिळत नाही, तो ओतून घ्यावा लागतो. ओतायचा तर पॅटर्न हवा, आणि पॅटर्न हातानं करणारी माणसं आता तिकडंही शोधावी लागतात. पीटी-305 पुरी होऊन 2017 मध्ये तळ्यात फिरलीसुद्धा, तेव्हा तिथं मोठं काम मिळेलच असं नाही. तरी म्युझियममध्ये स्वतः जाऊन विचारा आणि तुमच्या जुन्या पॅटर्नचे चार फोटो मोबाइलवर ठेवा, इंग्रजीचं काम ते करतील. पोर्टलंडलाही पीटी-658 नावाची बोट स्वयंसेवकांनीच चालू ठेवली आहे, पण ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. व्हिसावर असं बिनपगारी काम चालतं का, हे मात्र जावयाला नीट चौकशी करायला सांगा, मला नका विचारू.

आणि श्रिंकेज स्केल (ओतीव धातू थंड होताना आकसतो, ते धरून आखलेली पट्टी) न्यायचीच असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाका. माझा साधा स्क्रू ड्रायव्हर मुंबई विमानतळावर हँडबॅगेतून काढून घेतला होता.