वाढदिवस नेमका बदलीच्या धावपळीत येतो तेव्हा

पोस्टिंगच्या दिवसांत माझ्याकडे मुलांच्या समुपदेशनासाठी येणाऱ्या फौजी घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि पोस्टिंग देशाबाहेरची असेल तर जरा जास्तच काकुळतीनं येतो. ‘मॅडम, पोराचा वाढदिवस नेमका मधेच आलाय. पेट्या बांधू का केक आणू? नाही केला तर मनावर घेईल का?’ आई विचारते तेव्हा तिच्या आवाजात अपराधीपणा असतो. वडिलांचा सूर ‘एवढं काय त्यात, तिकडं गेल्यावर मोठ्यानं करू’ असा असतो. मूल तीन ते सहा वर्षांचं असेल तर माझ्या मते दोघांचंही चुकतं, कारण दोघंही केकचा विचार करत असतात. मूल बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीचा विचार करत असतं.

ओवीची गोष्ट सांगते. नाव बदललंय, दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केलेत, तारखा मात्र पंचांगातल्या आहेत. वडील सैन्यात हवालदार, क्लार्क. मॉस्कोच्या भारतीय दूतावासात डिफेन्स विंगला, म्हणजे संरक्षण विभागात, नेमणूक झालेली. आई, एक वर्षाचा भाऊ, आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला पाच पूर्ण करणारी ओवी. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, आजोबा सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दिवाळी झाली की खडकीचं क्वार्टर सोडायचं, दिल्लीला जायचं, कागदपत्रं पुरी झाली की विमान. तिकिटाची तारीख पक्की नव्हती. ती कधीच लवकर पक्की होत नाही, हे फौजी घरांना सांगायला नको.

तक्रार अशी की ओवी रात्री उठून ट्रंकेतलं सामान बाहेर काढते. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव आणि नंबर. दिवसा आईनं भरायचं, रात्री हिनं उपसायचं. त्यातही सगळं नाही; फक्त स्वतःचे कपडे, स्वतःचा स्टीलचा पेला, स्वतःच्या चपला. आजीकडे जाणार म्हणते, रडते, जेवत नाही.

‘हट्टी झालीय बघा,’ आई म्हणाली. ‘वाढदिवस नाही म्हटल्यापासून.’

‘कोण म्हणालं नाही म्हणून?’

‘मीच. म्हटलं, यंदा केक नाही, आपली गडबड आहे. पुढच्या वर्षी दोन कापू.’

हट्टी मुलांसाठी ताऱ्यांचे आणि बक्षिसांचे तक्ते लावायची पद्धत आहे. मी त्या वाटेची नाही. मूल एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतं तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी हिशेब असतो, आणि तो हिशेब सापडेपर्यंत वागणं बदलायच्या मागे लागू नये, हे माझं जुनं मत आहे. ओवी फक्त स्वतःचं सामान काढत होती. भावाचं लंगोटसुद्धा तिनं हलवलं नव्हतं. माझं लक्ष तिथे अडकलं.

पुढच्या भेटीत पुठ्ठ्याचं खोकं आणि चार बाहुल्या ठेवल्या. खोकं म्हणजे विमान, असं तिनंच ठरवलं. बाबा, आई, बाळ आत बसले. चौथी बाहुली तिनं जमिनीवर पालथी ठेवली.

‘ही का बाहेर?’

‘ती चारची आहे.’

‘चारची आहे म्हणून बाहेर?’

‘पाचच्या मुलींनाच विमान असतं.’

‘मग ती पाचची कधी होणार?’

‘केक कापल्यावर.’ थोडं थांबून, माझ्याकडे न बघता : ‘पण यंदा केक नाहीये.’

बाळाला मांडीवर डोलवणारी आईची मांडी थांबली. मग कोडं उलगडलं. पासपोर्टच्या फोटोच्या वेळी, लशीच्या वेळी, ओवी रडायला लागली की घरातले सगळे तिला म्हणत, ‘रडायचं नाही, पाचची झालीस की विमानात बसायचंय ना?’ समजूत काढायला म्हटलेलं वाक्य. ओवीनं ते नियम म्हणून ऐकलं. केक नाही, म्हणजे पाच नाही. पाच नाही, म्हणजे विमान नाही. म्हणजे आई-बाबा-बाळ जाणार आणि आपण राहणार. मग आपला पेला त्यांच्या ट्रंकेत कशाला जाऊ द्यायचा? मागे राहणाऱ्या मुलीनं स्वतःचं सामान राखून ठेवलं होतं. यात हट्ट कुठे आहे? मला तर ती त्या घरातली सगळ्यात व्यवहारी व्यक्ती वाटली.

वाढदिवसाचा कार्यक्रमच वय वाढवतो, असं या वयाच्या बऱ्याच मुलांना खरंच वाटतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासांतही हे दिसलंय. त्यांना विचारतात : एका मुलाचा वाढदिवस साजराच झाला नाही आणि दुसऱ्याचा दोनदा झाला, तर कोण किती वर्षांचा? पहिला आहे तेवढाच राहिला आणि दुसरा दोन वर्षांनी मोठा झाला, अशी उत्तरं येतात. मोठ्यांना हसू येतं. पण काळ दिसत नाही, मेणबत्ती दिसते. मूल दिसणाऱ्या गोष्टीला कारण मानणारच.

म्हणून ‘लहान आहे, विसरेल’ हे बऱ्याच वडिलांचं म्हणणं अर्धंच खरं. पाचवा वाढदिवस तिला मोठेपणी आठवेल न आठवेल. भीती मात्र आत्ताची आहे, आणि ती रोज रात्री ट्रंक उपसत होती.

आईला मी आधी एकच काम दिलं. ओवीचा पासपोर्ट काढून तिच्या हातात द्यायचा. सरकारी कामानं जाणाऱ्यांचा पासपोर्ट पांढऱ्या रंगाचा असतो. त्यात तिचा फोटो, तिचं नाव. वाक्यही ठरवून दिलं : ‘चारची असलीस तरी येणार, पाचची झालीस तरी येणार. हा तुझा.’ वय दिवसांनी वाढतं, केकनं नाही, हे त्याच्यानंतर, जाताजाता सांगायचं. आधी ‘तू येणार’, मग बाकीचं. उलटा क्रम लावला तर मूल शिकवणीसारखं ऐकून घेतं आणि भीती जागच्या जागी राहते. ट्रंक उपसणं त्याच आठवड्यात थांबलं.

आता वाढदिवस करायचा कसा? आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे आणि ती आपण विसरतो. तिथी आणि तारीख. ओवीचा जन्म २०२० च्या कोजागरीच्या रात्रीचा, त्या वर्षी ती ३० ऑक्टोबरला होती. २०२५ ची कोजागरी आली ६ ऑक्टोबरला, म्हणजे तारखेच्या तीन आठवडे आधी, सगळे अजून इथेच असताना. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान आणि मध्ये मध्ये अधिक मास, त्यामुळे तिथी तारखेच्या कधी मागे पडते, कधी पुढे. १९ वर्षांनी दोन्ही पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. प्रत्येक घराला तिथी इतकी सोयीची पडेल असं नाही, पण पंचांग उघडून बघायला काय जातं! त्यात कोजागरीला ज्येष्ठ अपत्याला ‘आश्विनी’ म्हणून ओवाळायची पद्धत आहेच. गावी आजी-आजोबांकडे पाट, औक्षण, आटीव दूध. केक नाही, मेणबत्ती नाही, ‘पाच’ हा शब्दही नाही.

तो शब्द मुद्दाम गाळला. बाबांनी उत्साहात सुचवलं होतं, ‘इकडं पण केक कापू, तिकडं पण.’ ओवीनं लगेच एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक बोट वर केलं. दोन केक म्हणजे सहा! तेव्हा दोनदा साजरा करायचा असेल तर वय बदलणारा कार्यक्रम एकच ठेवा. आकड्याची मेणबत्ती त्याच दिवशी. दुसऱ्याला ‘आजीचं ओवाळणं’ म्हणा, ‘चंद्राचा वाढदिवस’ म्हणा, काहीही म्हणा.

आणि एक गोष्ट मी फार ठामपणे सांगते : निरोपसमारंभ आणि वाढदिवस एकत्र करू नका. जागा एक, जेवण एक, माणसं तीच, म्हणून सोयीचं वाटतं. पण ओवाळताना आजी रडते, शेजारच्या काकू गळ्यात पडतात, आणि मुलाच्या मनात पक्कं बसतं की आपण मोठे झालो की सगळे रडतात आणि सुटतात. पुढची दोन-तीन वर्षं केक दिसला की बिथरणारी मुलं मी पाहिली आहेत. मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या.

तारीख सरकत राहते त्याचं काय? या वयाला ३० तारीख समजत नाही, क्रम समजतो. म्हणून कॅलेंडरवर फुल्या मारायला लावू नका. तिकीट पुढे गेलं की फुल्या खोट्या ठरतात आणि पुढचं काहीच मूल खरं मानत नाही. भिंतीवर हातभर दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे घ्या आणि पाच चित्रं लावा : ट्रंक, आजीचं घर, दिल्लीची आगगाडी, विमान, नवं घर. वाढदिवसाचं चित्र सहावं, वेगळ्या रंगाच्या चिमट्यात, दोन चित्रांच्या मध्ये कुठेही सरकेल असं. ओवीच्या घरी ते आधी ‘नवं घर’च्या पुढे होतं. विमान २९ वरून १ नोव्हेंबरला गेलं तेव्हा तिनंच ते उचलून विमानाच्या अलीकडे लावलं. तक्रार नाही, उलट सगळ्यांना सांगत सुटली की वाढदिवस दिल्लीत आहे.

तो झाला दिल्ली कॅन्टोनमेंटच्या एका गेस्टरूममध्ये, किटलीवर. त्यासाठी एक पिशवी लागते. ती ट्रंकेत जाता कामा नये. जड सामान मागाहून येतं आणि तिथे महिन्यांचा हिशेब असतो. आईच्या खांद्याला लटकणारी, किलोभराच्या आतली. आकड्याची मेणबत्ती. बटण-सेलचा एक छोटा दिवा, कारण गेस्टरूम आणि हॉटेलात धुराची घंटा असते. न फुगवलेले दहा फुगे. कापडी तोरण, चकचकीत कागदाचं दुसऱ्या घडीला फाटतं. प्लास्टिकची सुरी. डबीत कुंकू, अक्षता, एक सुपारी. अंगठी आईच्या बोटात असतेच. एक भेटवस्तू, हाताच्या पंजाएवढी. नातेवाइकांना आधीच सांगा की मोठी खेळणी नकोत, आवाजात शुभेच्छा बोलून पाठवा.

विमानतळावर काय अडतं तेही पाहून ठेवा. काडेपेटी आणि लायटर इथून निघताना हातातही चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाही. फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्या, पार्टी पॉपर, फुगे भरायची हेलियमची टाकी यांचंही तेच. धातूची सुरी हातातल्या सामानात नाही. तूप हातात न्यायचं तर शंभर मिलिलिटरच्या आतल्या डबीत. आणि सुकं खोबरं : तिकडे मिळणार नाही म्हणून घरोघरच्या बायका किलोभर वाट्या भरतात. तेलकट असल्यानं ते स्वतःच तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. तिथे बॅग उघडली जाते आणि सगळ्या लायनीसमोर आईचा चेहरा पडतो.

केकच्या जागी ओवीच्या आईनं शिऱ्याची मूद केली. बारीक रवा एक वाटी, दोन मोठे चमचे तुपावर घरीच खमंग भाजून पूर्ण गार करायचा, पाऊण वाटी साखर आणि वेलचीपूड मिसळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. खायच्या वेळी वरून दोन वाट्या उकळतं पाणी, भराभर ढवळायचं, झाकण लावून टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं. जाडा रवा घेतलात तर कच्चा राहतो. कोमट पाण्यानं गुठळ्या होतात. वाटीला तुपाचा हात लावून दाबून भरा, ताटलीत उपडी करा, वर पाचाची मेणबत्ती. ओवीनं ती फुंकली आणि पहिलं वाक्य बोलली ते भावाला : ‘तू एकचा आहेस, तरी तुला नेणार आहेत, घाबरू नको.’

आईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं.

पोचल्यानंतरचं थोडं. मॉस्को भारताच्या अडीच तास मागे आहे. आजीला साताऱ्यात संध्याकाळी सातला फोनवर गाठायचं तर तिथे साडेचार वाजलेले असतात, मूल जागं आणि ताजं. रशियन शेजाऱ्यांना उशिरानं बोलावलंत तर कुणी नाक मुरडत नाही. तारखेच्या आधी वाढदिवस करणं मात्र ते अशुभ मानतात, तेव्हा पुढच्या वर्षी रविवार गाठायला म्हणून अलीकडे ओढू नका. फुलं न्यायची-आणायची तर विषम संख्येत, सम संख्या त्यांच्याकडे अंत्यविधीची. केकचा फोटो स्टेटसला टाकताना निघायची तारीख, युनिट, दूतावास यांतलं काही दिसत नाही ना, ते साहेबांना दाखवूनच टाका.

वडील आधी एकटे रुजू झाले आणि कुटुंब मागून जाणार असेल तर? हल्ली हेही बरंच विचारलं जातं. मेणबत्ती त्यांच्यासाठी राखून ठेवू नका. ‘बाबा भेटेपर्यंत तू चारचीच’ असाच अर्थ मूल काढतं. तारखेला इथेच फुंकू द्या आणि विझलेली मेणबत्ती डबीत घालून मुलाच्याच खिशात द्या, बाबांना दाखवायला. व्हिडिओ कॉलवर मात्र फुंकायला लावू नका. आवाज अडकतो, चित्र थांबतं, ‘पुन्हा फुंक, दिसलं नाही’ असं होतं, आणि मूल विचारतं की मग आता मी सहाची का.