एका ‘टाइम’साठी स्पॅनिशमधला कोणता शब्द?

प्रश्न : मी स्पॅनिश शिकत आहे. सहलीवरच्या निबंधात ‘आय हॅड अ गुड टाइम’ हे इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून मी ‘तुबे उन बुएन तिएम्पो’ असे लिहिले, ते शिक्षकांनी खोडले. इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोशात ‘टाइम’पुढे तिएम्पो, ओरा, बेस, एपोका, मोमेंतो असे अनेक शब्द दिलेले आहेत. त्यांतून नेमका शब्द कसा निवडावा?

उत्तर : आधी तुमच्या वाक्याविषयी. ‘तिएम्पो’ म्हणजे वेळ हे खरे. पण त्याच शब्दाचा दुसरा रोजच्या वापरातला अर्थ हवामान असा आहे. ‘आसे बुएन तिएम्पो’ म्हणजे हवा छान आहे. त्यामुळे सहलीच्या वर्णनात ‘बुएन तिएम्पो’ आले की वाचणाऱ्याचे लक्ष पावसापाण्याकडे जाते. मजेत वेळ गेला, हे सांगायला स्पॅनिशमध्ये ‘लो पासे मुई बिएन’ अशी रचना आहे आणि तिच्यात वेळेचा वाचक शब्दच नाही. इंग्रजी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला स्पॅनिश जोडीदार असलाच पाहिजे, हे गृहीत धरल्यामुळे अशी वाक्ये तयार होतात.

आता निवडीचा प्रश्न. तुम्हाला मराठी येते, ही येथे फार मोठी सोय आहे आणि इंग्रजीमार्फत स्पॅनिशकडे जाताना ती वाया जाते, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले अर्थ मराठीने पुष्कळसे वेगळे ठेवलेले आहेत. ‘माझा बराच वेळ गेला’ यातला वेळ पुल्लिंगी आहे. तो खर्च होतो, वाचतो, पुरतो किंवा अपुरा पडतो, आणि त्याच्यासाठी स्पॅनिशमध्ये तिएम्पो येतो : ‘नो तेंगो तिएम्पो’, मला वेळ नाही. ‘जेवणाची वेळ झाली’ यातली वेळ स्त्रीलिंगी आहे. ती घड्याळावरची किंवा ठरलेली वेळ, म्हणून ओरा : ‘के ओरा एस’, किती वाजले. ‘एस ओरा दे कोमेर’, जेवायची वेळ झाली. ‘तीन वेळा’ किंवा ‘तीनदा’ म्हणताना आपण खेपा मोजतो, तेथे बेस हा शब्द अनेकवचनात येतो : ‘त्रेस बेसेस’. ‘त्या काळी’ म्हणायचे असेल तर ‘एन आकेया एपोका’. म्हणजे वाक्य मनात आधी मराठीत नीट म्हणून पाहिले, तर निम्म्याहून अधिक काम तेथेच उरकते.

मात्र मराठीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘या वेळी तो घरी नसतो’ आणि ‘या वेळी तो जिंकला’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात ‘या सुमारास’ असे म्हणता येते, म्हणून ‘आ एस्ता ओरा’. दुसऱ्यात ‘या खेपेस’ असे म्हणता येते, म्हणून ‘एस्ता बेस’. शब्द बदलून पाहण्याची ही कसोटी मला कोणत्याही नियमापेक्षा अधिक भरवशाची वाटते. ‘त्याच्यावर वाईट वेळ आली’ यात मात्र वेळ स्त्रीलिंगी असूनही घड्याळाचा संबंध नाही. तेथे ‘उन माल मोमेंतो’, म्हणजे कठीण प्रसंग, असे म्हणावे लागते. गुणाकारात इंग्रजी ‘टाइम्स’ म्हणते म्हणून स्पॅनिशमध्ये बेसेस घालू नये. तीन चोक बारा म्हणायला ‘त्रेस पोर क्वात्रो सोन दोसे’ असे म्हणतात.

शब्दकोश पाहतानाही थोडी शिस्त हवी. चांगल्या द्विभाषिक कोशात प्रत्येक प्रतिशब्दाआधी कंसात अर्थाची खूण असते, तिच्याकडे आपण घाईने दुर्लक्ष करतो आणि पहिलाच शब्द उचलतो. निवडलेला शब्द नंतर उलट बाजूने, म्हणजे स्पॅनिश-स्पॅनिश कोशात, तपासावा. स्पॅनिश भाषेची शाही अकादमी 1713 मध्ये स्थापन झाली. तिचा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात प्रत्येक अर्थाला क्रमांक दिलेला असतो. ‘तिएम्पो’च्या नोंदीत कालावधीबरोबर हवामान, व्याकरणातला काळ, काही खेळांतल्या सामन्याचा अर्धा भाग असे अर्थ दिसतात, आणि आपण कोणत्या अर्थाने शब्द वापरणार आहोत हे तेथे स्पष्ट होते. ‘बेसेस’ शोधताना मूळ एकवचनी रूप घ्यावे. त्यातले शेवटचे झेड हे अक्षर अनेकवचनात सी होते. आरंभी व्ही लिहिला जातो, तरी उच्चार ब असाच होतो. शेवटचा ध्वनी लॅटिन अमेरिकेत स, तर स्पेनच्या बहुतेक भागांत थ यासारखा ऐकू येतो.

या शब्दांची सुटी यादी पाठ करू नये. ‘दे बेस एन क्वांदो’ म्हणजे अधूनमधून, ‘ओत्रा बेस’ म्हणजे पुन्हा, ‘आ तिएम्पो’ म्हणजे वेळेत, असे पूर्ण प्रयोग वहीत उतरवावेत आणि प्रत्येकासमोर इंग्रजी अर्थाऐवजी स्वतःचे एक मराठी वाक्य लिहावे.