ॲपलक्रॉसमध्ये सफरचंद नाही

प्रश्न : स्कॉटलंडच्या ॲपलक्रॉसला मराठीत गाव म्हणावे की वाडी? 'सफरचंदाचा क्रूस' हा नावाचा अर्थ बरोबर आहे का?

अजिबात नाही! तिथल्या मठाच्या बागेतल्या प्रत्येक सफरचंदावर म्हणे क्रूस उमटायचा. ही दंतकथा प्रवासवर्णनांतून इतकी फिरते की आता चीड येते. आयर्लंडच्या बँगरहून आलेल्या संत मेलरुबाने ६७३ साली तिथे मठ स्थापला. जुन्या आयरिश बखरींत त्या जागेचे नाव आहे 'अपोरक्रोसन', म्हणजे क्रोसन नदीचे मुख. पुढे 'अपोर' कुणाला कळेना, म्हणून त्याचे 'ॲपल' झाले. आज त्याच नदीला ॲपलक्रॉस नदी म्हणतात, म्हणजे 'क्रोसनच्या मुखाची नदी'. आहे की नाही गंमत!

'अपोर' किंवा 'ॲबर' हा शब्द गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या भाषेतला नव्हे, पिक्टिश आहे, म्हणजे तिथल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या भाषेतला. ॲबर्डीन, ॲबरफेल्डी ही त्याचीच पिलावळ. पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो विरळा. पिक्ट लोकांची भाषा केल्टिक (गेलिक, वेल्श यांच्या कुळातली) नव्हतीच असे अजूनही सांगणाऱ्या पंडितांनी आधी या 'ॲबर'चा हिशेब द्यावा. गेलिकमध्ये त्याच अर्थाचा शब्द 'इन्व्हर', इन्व्हर्नेसमधला. दोन्हींतला 'बर' किंवा 'व्हर' म्हणजे वाहून आणणे, संस्कृतातला 'भृ'. आपले 'भरणे' त्याच धातूचे आणि समुद्राची 'भरती'सुद्धा. नदीमुखाच्या नावात भरतीचा धातू निघावा, यापरते काय हवे?

तिथे जायचा जुना रस्ता (१८२२) किशॉर्नच्या खाडीपासून ६२६ मीटर चढतो. त्याचे नाव 'ब्यालख न बा', गुरांची खिंड. याच वाटेने गुरे बाजाराला हाकत नेत. त्याला 'बिलॅच' म्हणू नका, शेवटी घशातला ख आहे. 'बा' हे 'बो'चे, म्हणजे गाईचे, षष्ठीचे एकवचन, आणि 'बो' म्हणजे आपली 'गो'. मूळ 'ग्व'चा केल्टिकमध्ये 'ब' झाला, संस्कृतात 'ग' किंवा 'ज'. म्हणून गेलिक 'ब्यो' म्हणजे जिवंत, आपला 'जीव'; 'बेन' म्हणजे बाई, वेदातली 'जनि'. ज्यांना हे ध्वनिसाम्य योगायोग वाटते, त्यांनी एकच नियम तीन शब्दांना कसा लागू पडतो तेही सांगावे.

हां, गाव की वाडी. समुद्राकाठच्या पांढऱ्या घरांच्या रांगेला तिथले लोक नुसते 'स्ट्रीट' म्हणतात. बाकी टॉस्केग, कॅमस्टेरॅक अशा सुट्यासुट्या वस्त्या. गेलिक बोलणारे तर अख्ख्या मुलखाला 'अ खोमरिख', म्हणजे अभयस्थान म्हणतात. तुम्ही वाडी म्हणा.