पहिला फेज्ड ॲरे करताना

फेज्ड ॲरे म्हणजे छोट्या अँटेनांची रांग; त्यांच्या लहरी मागेपुढे करून ती न हलवता बीम, म्हणजे लहरींचा झोत, वळवता येतो. आठ पॅचपासून (पॅच म्हणजे चपटी छोटी अँटेना) सुरुवात करा, चौसष्टच्या फंदात आत्ताच पडू नका. १० गीगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मिलिमीटर, म्हणून दोन पॅचच्या मध्यांतलं अंतर १५ ठेवा. २० ठेवलंत, तर बीम ३०° पलीकडे वळवताच उलट बाजूला दांडगा खोटा बीम उगवतो.

३०° वळवायला शेजारच्या पॅचांत ९०° फेजफरक लागतो (फेज म्हणजे लहर तिच्या ३६०° च्या चक्रात कुठे आहे ते). गणित सोपं, घोळ केबलींत. टेफ्लॉन कोॲक्स (सिग्नल नेणारी गोल केबल) मिलिमीटरभर कमी-जास्त झाली की सुमारे १७° चूक! आधी प्रत्येक चॅनेलची फेज मोजून तक्ता करा, ती चूक वजा करूनच फेज शिफ्टरला (फेज बदलणाऱ्या भागाला) आकडा द्या. एफआर-४ (काचतंतूचं नेहमीचं सर्किट) बोर्ड स्वस्त, पण सिग्नल खातं.

बीमच्या मोजणीला दोन मीटर अंतर पुरे. मात्र इंदुरी गच्चीवरची पत्र्याची शेड समोर नको. तिचं परावर्तन साइडलोबसारखंच (मुख्य बीमच्या बाजूच्या छोट्या झोतासारखंच) दिसतं.